नागपुरात ड्रायव्हरकी सुरू करायची तर गाडीच्या आधी मालक बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय २३, सावनेर तालुक्यातलं गाव, एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचा, परवाना काढून दीड वर्ष झालं. घरचा ट्रॅक्टर आणि चुलतभावाची पिकअप चालवली आहेस, सध्या नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात माल चढवतोस-उतरवतोस. आता लगेच हेवी, म्हणजे जड वाहनाचा परवाना, काढून ट्रकवर जावं का, एक एजंट परवाना आणि नोकरी दोन्ही करून देतो म्हणून पैसे मागतोय ते द्यावे का, आणि पैसा लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर, जास्त की शहरात.

एजंटचं आधी संपवतो. एक रुपया देऊ नको. वाडी, कापसी, कळमना, बुटीबोरी, हिंगणा, कुठल्याही यार्डात जा, ड्रायव्हर नाही म्हणून उभी असलेली गाडी दिसेल. ज्या धंद्यात मालक माणूस शोधत फिरतो, तिथे नोकरीसाठी पैसे मागणारा फक्त तुझी घाई विकत असतो. टेस्ट न देता मिळालेला परवाना तर घरात ठेवायच्याही लायकीचा नाही. आजकाल मालक परवान्याचा नंबर परिवहन खात्याच्या सारथी साईटवर टाकतो आणि मिनिटभरात खरं-खोटं कळतं. ते सुटलं तरी अपघातात विमा कंपनी परवाना तपासतेच. तो खोटा निघाला तर समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करू शकते आणि मालक तुझ्यामागे लागतो. एका कागदापायी बापाची शेती जायची वेळ येते.

मी बरीच वर्षं लाईनवर होतो. आता वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या सांभाळतो आणि नवीन ड्रायव्हरची ट्रायलही घेतो. त्यामुळे स्टिअरिंग आणि टेबल, दोन्हीकडून हे काम पाहिलं आहे.

परवान्याचं सांगतो. तुझ्याकडे आज जो एलएमव्ही आहे, त्यावर तू कमावायला लागू शकतोस, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की, गाडी आणि माल मिळून एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल, तर एलएमव्ही परवान्यावर मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. म्हणजे छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, टाटा ४०७ हे सगळं तुला आज मोकळं आहे. प्रवासी गाडीसाठी मात्र आरटीओचा बॅज, म्हणजे प्रवासी वाहतुकीचा बिल्ला, लागतो आणि त्याला पोलीस पडताळणी असते. तुझ्यावर गावात एखादी केस असेल तर ती आधी निस्तर.

हेवीसाठी वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि एलएमव्हीला एक वर्ष झालेलं हवं. तुझं दोन्ही झालं आहे. ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ चं सर्टिफिकेट लागतं आणि डॉक्टरचा १-ए फॉर्म लागतो. लर्निंग निघालं की ३० दिवसांनंतर टेस्ट देता येते, ते सहा महिने चालतं. शिक्षणाची आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली, त्यामुळे शाळेच्या दाखल्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तोही फसवतोय. सावनेर नागपूर ग्रामीण आरटीओला, म्हणजे एमएच-४० ला येतं. गिरीपेठेतलं ऑफिस शहराचं, एमएच-३१ चं. पूर्व नागपूरचं एमएच-४९ वेगळं. मालवाहू-प्रवासी गाड्यांचा परवाना पाच वर्षांनी नवा करावा लागतो. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी चालवलीस तर कायद्याच्या नजरेत तू बिनपरवान्याचा आहेस. तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेव आणि दोन महिने आधीच कामाला लाग.

हेवी काढ, पण काढल्याबरोबर चौदा चाकीवर उडी घेऊ नको. स्कूलमधली टेस्ट रिकाम्या गाडीवर होते. वीस-पंचवीस टन माल मागे असला की तीच गाडी वेगळी वागते. ब्रेक दाबल्यावर ती कुठे थांबेल, वळणावर मागचा भाग किती आत येईल, पावसात रिकामी असताना ती कशी घसरते, हे स्कूल शिकवत नाही, शिकवूही शकत नाही. म्हणून माझा सल्ला असा. या वर्षी शहरात पिकअप किंवा ४०७ चालव, सोबत हेवीची टेस्ट पास हो. मग दोन-चार महिने एखाद्या जाणत्या ड्रायव्हरसोबत क्लीनर म्हणून कंडक्टर साईडला बस. त्या महिन्यांत पैसा कमी मिळेल, ते मान्य आहे. पण लोडेड गाडी घाट कशी उतरते हे तिथूनच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन पोट्टे विचारतात, गाडी कोणती आहे, एसी आहे का, पगार किती. मालक कसा आहे, हे कोणी विचारत नाही. तुझी पहिली दोन वर्षं कशी जातील हे मालकावर ठरतं. टायर तोच घेऊन देतो, ब्रेकचं कामही तोच करून देतो, आणि रात्री दोनला झोप आली असं फोनवर सांगितल्यावर तो काय बोलतो, त्यावर तुझा जीव असतो.

मालक ओळखायचा कसा? त्याच्या ऑफिसात बसून कळत नाही, तिथे सगळेच गोड बोलतात. मिस्त्रीकडे जा. वाडी आणि कापसीच्या गॅरेजमध्ये ज्या मिस्त्रीकडे त्या मालकाच्या गाड्या येतात, त्याला चहा पाज आणि विचार, हा माणूस ब्रेक लायनर वेळेवर बदलतो का, की "अजून एक ट्रिप मार" म्हणतो. टायरवाल्याला विचार, पुढच्या चाकाला रबरिंग केलेला, म्हणजे झिजल्यावर नवा थर चढवलेला रिमोल्ड टायर लावतो का. पुढच्या एक्सलला रिमोल्ड लावणाऱ्या मालकाच्या गाडीवर बसायचंच नाही, मग तो पगार कितीही देवो. पंपावर विचार, उधारी किती महिने थकते. जो डिझेलवाल्याला थकवतो तो ड्रायव्हरलाही थकवतो. शेवटी त्याच्याच यार्डात सकाळी सहाला जा आणि तिथल्या ड्रायव्हरांना एकच विचार, तुम्ही इथे किती वर्षं आहात. सगळेच नवीन असतील तर तुला उत्तर मिळालं.

बोलणी करताना तीन गोष्टींवर ठाम राहा. पहिली, मूळ परवाना डिपॉझिट म्हणून कुणाकडे ठेवायचा नाही. झेरॉक्स दे, डिजिलॉकरमधला दाखव, तो कायद्याने चालतो. मूळ कार्ड अडकलं की तू नोकरी सोडू शकत नाहीस. दुसरी, सुरुवातीलाच मोठी उचल घेऊ नको. घरी लग्न असो की दवाखाना, मालकाकडून घेतलेले पन्नास हजार फिटेपर्यंत तू "नाही" हा शब्द बोलू शकत नाहीस, आणि या कामात "ओव्हरलोड नेणार नाही" हे बोलता आलंच पाहिजे. तिसरी, गाडीचे कागद स्वतः बघ. विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, सगळ्यांच्या तारखा एमपरिवहन ॲपवर दिसतात. दंडाचे जुने चलन किती बाकी आहेत तेही बघ आणि त्यांचा फोटो मालकाला पाठवून ठेव, म्हणजे उद्या तुझ्या पगारातून कापले जाणार नाहीत.

पगाराचा आकडा ऐकून हरखू नको, तो कसा बनतो ते समजून घे. कुठे महिन्याचा ठोक पगार असतो, कुठे कमी पगार आणि वर ट्रिपचा भत्ता, कुठे सगळं ट्रिपवर. ट्रिपवरचं काम भरपूर वाटतं, पण गाडी उभी राहिली की कमाई शून्य. म्हणून विचार, माल खाली व्हायला चार दिवस लागले तर खुराकी, म्हणजे जेवणाचे पैसे, मिळते का? गाडी गॅरेजला असताना पगार चालू का? रस्त्यातली पंक्चर, हमाली, वजनकाटा यांचे पैसे कोणाचे? माल कमी भरला तर कोणाच्या खिशातून? त्यासाठी बिल्टीची, म्हणजे मालासोबतच्या पावतीची, सवय आत्ताच लाव. लोड होताना नग मोजायचे. सील नंबर बिल्टीवर लिहून घ्यायचा. खाली करताना सही-शिक्का घेतल्याशिवाय निघायचं नाही. पार्टीने डॅमेजचा शेरा मारला तर तिथूनच मालकाला फोटो. गोदामात तू हे रोज बघतोस, हा तुझा मोठा फायदा आहे, ट्रायलमध्ये तो बोलून दाखव. आणि मोठ्या ट्रान्सपोर्टमध्ये पीएफ, ईएसआय कापतात का ते विचार. हातात दोन हजार कमी आले तरी दवाखान्याचा कागद असलेली नोकरी घे.

ट्रायलला आम्ही काय बघतो तेही सांगतो. पोरगा आला, चावी घेतली आणि थेट केबिनमध्ये चढला, की माझं अर्धं मत तिथेच बनतं. जो आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, टायर ठोकून बघतो, दोन टायरांच्या मध्ये दगड अडकला आहे का ते वाकून बघतो, ऑइल आणि पाणी बघतो, त्याला मी जवळजवळ तिथेच पास करतो. स्टार्ट केल्यावर ब्रेकच्या हवेचं प्रेशर पूर्ण भरेपर्यंत थांबतो का, हे दुसरं. मग त्याचा डावा पाय क्लचवर पडलेला राहतो का ते बघतो. गिअर, वळण यात थोडं मागे-पुढे चालतं. रिव्हर्समध्ये मात्र खरं कळतं. अंदाज नसेल तर उतरून बघणारा पोरगा मला हवा असतो, तीन वेळा उतरला तरी चालेल. न उतरता एका फटक्यात लावणारा एक दिवस कोणाला तरी मागे घेतो. आणखी एक, नव्या बीएस-६ गाडीत युरिया, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत टाकतात ते द्रावण, कधी आणि कुठला टाकायचा हे माहीत ठेव. स्वस्तातला बनावट युरिया टाकला की गाडीची पॉवर उतरते आणि खर्च मोठा निघतो.

शहर की लाईन? पहिल्या वर्षी शहर. कळमना मार्केट, इतवारी, हिंगणा आणि बुटीबोरीची एमआयडीसी, वाडी-गोंडखैरीची गोदामं, एवढ्यातच पिकअपला बारमाही काम आहे. आंबिया बहाराची संत्री आली की काटोल-नरखेडकडून कळमन्याला गाड्या कमी पडतात. शहरात जड वाहनांना दिवसा नो-एन्ट्री असते आणि तिच्या वेळा बदलत राहतात, म्हणून हलक्या गाडीचं काम कधी तुटत नाही. टॅक्सीत जायचं असेल तर मिहानमधल्या कंपन्यांच्या स्टाफ कॅब आहेत. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला गाड्यांची मागणी एकदम वाढते, त्या पंधरवड्यात ओळखी होतात आणि त्या पुढे कामाला येतात. पेंच-ताडोब्याच्या पर्यटकांची गाडी चांगली, पण कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, तेव्हा ते तीन महिने हिशेबात धर. भाड्याने कार घेऊन ॲपवर चालवण्याचं मी सुचवणार नाही. रोजचं भाडं तुझं आजारपण बघत नाही.

एका कामाला हातही लावू नको, रेतीला. कन्हान आणि वैनगंगेच्या रेतीचे टिप्पर रात्री निघतात, एका रात्रीचे पैसे खूप देतात आणि तुझ्या वयाच्या पोरांना तेच दाखवतात. रॉयल्टीचा पास नसेल तर तहसीलदार गाडी जप्त करतात, गुन्हा ड्रायव्हरवर पडतो आणि मालक फोन उचलत नाही. पुढे बॅजच्या पोलीस पडताळणीत तोच गुन्हा समोर येतो. कोळसा आणि राखेचे टिप्पर कायदेशीर काम आहे, उमरेड, कोराडी, खापरखेडा पट्ट्यात ते भरपूर मिळतं, पण काटा बघून निघ. ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे. तो कोणी भरायचा हे आधीच ठरव.

लाईनवर जाशील तेव्हा शत्रू एकच, झोप. समृद्धी महामार्गाचे सगळे ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ पासून खुले आहेत, नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून चढलं की रस्ता सरळ आणि मोकळा. तोच धोका आहे. वळण नाही, खड्डा नाही, गाव नाही, डोळे उघडे असतात आणि डोकं बंद पडतं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ माणसं गेली. त्या रस्त्यावर मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा आहे, ती पाळ. जांभई ही सूचना नाही, थांबण्याचा हुकूम आहे. चहा, तंबाखू, खिडकी उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, यातल्या कशानेही झोप जात नाही. वीस-पंचवीस मिनिटं खरंच झोपल्याने जाते. कायदा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासच काम सांगतो. लाईनवर ते क्वचित पाळतात हे मला माहीत आहे, म्हणूनच रात्री दोन ते पाच गाडी साईडला लावू देणारा मालक शोध, असं म्हणतोय.

घाटात, मग तो जबलपूर रोडचा कुरईचा का असेना, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. ज्या गिअरने चढली असती त्याच गिअरने उतरव, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा) वापर. सारखा ब्रेक दाबत उतरलं की लायनर तापतात आणि खाली पोहोचेपर्यंत पकड जाते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी बारा ते चार शक्य तितकं टाळ. टायरची हवा पहाटे, थंड असताना बघ. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा कमी करणारे बरेच आहेत. त्याने संध्याकाळी टायर ढिला पडतो आणि तापून फुटतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. जुनी गाडी मिळाली तर पाण्याचे दोन कॅन आणि ओआरएस ठेव. दारूचं एवढंच, रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्याकडे ट्रायलला येताना कोणाच्या तोंडाला वास आला तर तो पुन्हा गेटच्या आत येत नाही.

अपघात झाला तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण सांगायलाच हवं, कारण घाबरलेला पोरगा पळतो आणि तिथेच अडकतो. गाडी थांबव. १०८ ला फोन कर, ११२ ला कर, राष्ट्रीय महामार्गावर असशील तर १०३३ आहे. जखमीला मदत मिळवून दे, मालकाला कळव, फोटो काढ. जमाव मारायला धावत असेल तर तिथे उभं राहण्याची सक्ती कायदाही करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये तसं लिहिलं आहे. पण तिथून घरी जायचं नाही, थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं आणि स्वतः सांगायचं. जानेवारी २०२४ मध्ये ज्या कलमावरून देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, ते पळून जाण्याबद्दलचंच होतं. दहा वर्षांची शिक्षा सांगणारं भारतीय न्याय संहितेतलं ते कलम १०६ चं दुसरं उपकलम सरकारने लागू केलं नाही. तरी पळणाऱ्याची बाजू कोर्टात नेहमी पडतीच असते.

एसटीची आशा सोडू नको. दहावी, हेवी परवाना, बॅज आणि जड वाहनाचा अनुभव असं ते मागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक मालकाकडून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घे, नोकरी सोडताना कोणी देत नाही. दुबई वगैरे पुढच्या चार-पाच वर्षांनी बघ. तिथे आपला परवाना दाखवून नोकरी सुरू होत नाही, तिथली टेस्ट द्यावी लागते. जाशीलच तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघ. त्याला सेवाशुल्क ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

पिकअपचं काम हातात येईपर्यंत सध्या ज्या गोदामात आहेस ते सोडू नको. तिथे रोज कोणाच्या गाड्या लागतात, कोण वेळेवर येतो, कोणाचा ड्रायव्हर शांत असतो, हे तुला बसल्या जागी दिसतं. त्यातल्या एखाद्या जाणत्या ड्रायव्हरला, "काका, सुट्टीच्या दिवशी सोबत बसू का?" असं विचार. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. हेवीचं लर्निंग या महिन्यात काढ, आणि डोळे तपासून घे, चष्मा लागत असेल तर टेस्टच्या आधीच लाव.